सुटणारा पट्टा

प्रयागबाई नाकावर माशी बसू देत नाही, हे वाशीमच्या भाजीबाजारात सगळ्यांना ठाऊक. कोणी फार घासाघीस केली, की ती त्याच्या हातातलं वांगं काढून घेते आणि म्हणते, "जा बाप्पा, तुह्यासाठी नाई पिकवलं मी." अशा बाईनं एका मांजरीपायी शेजाऱ्याशी वाकडं घेतलं, यात नवल ते काय!

मांजरीचं नाव भुरी. बियाण्याच्या खोलीत तिच्यामुळं उंदीर पाय ठेवत नसे, आणि प्रयागबाईचा तिच्यावर भारी जीव. पण शेजारच्या वीरेंद्रच्या कोंबडीची पिल्लं एकेक करून नाहीशी व्हायला लागली. गावात मोकाट मांजरं काय कमी आहेत? तरी वीरेंद्रनं दारोदार जाऊन सांगितलं, "जिच्या गळ्यात पट्टा नाई थे मांजर बेवारशी. पोत्यात भरून दूर सोडून देईन. मंग माह्याशी भांडाले येऊ नका."

प्रयागबाईचा नवरा पंजाबराव लगेच कामाला लागला. पोळ्याला गोऱ्ह्याच्या गळ्यात बांधतात ती घुंगरांची चामडी पट्टी त्यानं कापून बेतली आणि मांडवाच्या नायलॉन दोरीनं अशी गच्च गाठ मारली, की बैलानं ओढली तरी सुटू नये. "आता पाह्य, कशी नवरी दिसून राह्यली!" भुरी खरंच झोकात दिसत होती. प्रयागबाईही हसली. तिनंही तेव्हा काही विचार केला नाही.

मग एका सकाळी भुरी खारीच्या मागं कारल्याच्या मांडवावर चढली. पट्टी तारेत अडकली, पाय घसरला, आणि मांजर गळ्यानं लोंबकळायला लागली. घुंगरं आपली वाजतच होती. प्रयागबाई विळा घेऊन धावली. पट्टी कापली तेव्हा भुरीची जीभ बाहेर आली होती, पण जीव शाबूत होता. तिला मांडीवर घेऊन बाई ढसाढसा रडली, आणि रडून झाल्यावर नवऱ्याकडं वळली.

"बैल हाय काय थे? बैल चढते काय मांडवावर?"

पंजाबरावनं तारेत अडकलेली पट्टी ओढून काढली आणि उकिरड्यावर फेकली.

आता आली का पंचाईत! पट्टा नसला तर वीरेंद्रचं पोतं, आणि पट्टा असला तर गळ्याला फास. पुढच्या बाजारच्या दिवशी भाजी विकून ती वाशीमच्या एका दुकानात गेली. कुत्र्यामांजरांचं सामान ठेवणाऱ्या करणनं चकचकीत पट्टे समोर टाकले.

"घ्या मावशी. कितीबी झटके मारू द्या, सुटनार नाई. गॅरंटी!"

"मले सुटनाराच पाह्यजे."

"सुटला त मंग पट्टा कायचा मावशी?"

"अन् नाई सुटला त फाशी नाई काय थे?"

करण हसला, बाजूची गिऱ्हाइकंही हसली. "हासा, हासा! तुमची मांजर लटकली नाई ना अजून," असं म्हणून ती तिथून उठलीच.

घरी येऊन जुन्या लुगड्याची मऊ पट्टी काढली. गळ्यात दोन बोटं सहज जातील एवढं माप घेतलं. आधी ब्लाउजचा हूक लावून पाहिला. मग पट्टा खिळ्याला अडकवून त्याला भुरीच्या वजनाएवढी काकड्यांची पिशवी टांगली. हूक काही सुटेना. तो उपटून फेकला आणि टिचबटण लावलं. पिशवी टांगताच टच्च करून सुटलं. काकड्या अंगणभर झाल्या, पण बाई खूश! वर पक्क्या शाईनं मोबाइल नंबर लिहिला.

"थे त शिंकली तरी सुटंल," पंजाबराव म्हणाला.

"सुटू द्या. मी दुसरा शिवीन."

आणि सुटायचाही. कधी कुंपणात, कधी मांडवावर पट्टा मिळायचा. ती निमूट नवा घालायची. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसोत!

पण व्हायचं ते झालंच. एक दिवस वीरेंद्र अंगणात आला. हातात पोतं, आणि पोत्यात भुरीचा नुसता आकांत.

"काकू, गळ्यात पट्टा नाई. आपलं ठरलं व्हतं."

"तुहं ठरलं व्हतं. माहं नाई. सोड थे पोतं."

"असं कसं? नियम सगळ्यायले सारखा."

प्रयागबाईनं पदर खोचला, पोतं हिसकलं आणि आत हात घातला. घाबरलेल्या भुरीनं कोपरापर्यंत ओरबाडलं, रक्त आलं, पण बाईनं पकड सोडली नाही. तिला छातीशी घट्ट धरलं. 

"पट्टा कुठंतरी लटकून असंल. पट्टा लटकला वीरेंद्रा, मांजर नाई लटकली. त्याच्याचसाठी शिवला व्हता."

"मंग लोकायले कसं समजंल काकू, थे कोनाची हाय त?"

"मले इचाराचं! मी जित्ती हाय ना? माही मांजर माही हाय एवढं सांगाले तिच्या गळ्याले फास कायले पाह्यजे? मी सांगून राह्यली ना!"