मे फ्लॉवरचा कंद

चैत्र संपत आला की गॅलरीतल्या कुंडीत मे फ्लॉवरचा कोंब वर येतो. त्याआधी कित्येक महिने तिथे कोरड्या मातीखेरीज काही दिसत नाही. आईने लावलेला कंद खाली निजलेला असतो. आई मात्र आता नाही.

ती गेल्यावर बाबांची स्मरणशक्ती हळूहळू मंदावत गेली. त्या हिवाळ्यात ते रोज बोटांनी ती माती उकरायचे.

"अहो, यात काही लावलंय का?" मला विचारायचे. पोटच्या मुलीला 'अहो' म्हणायचे.

"कंद आहे, बाबा," असं म्हणत मी तो पुन्हा मातीआड करायची. आत जीव आहे हे माहीत असतं, पण हाक मारली तर ओ येत नाही. अशाची वाट बघत राहणं माणसाला फार थकवतं.

मग एका सकाळी चेंडूएवढं लालभडक फूल उमललं. बाबांना बाहेरचं ऊन सोसत नव्हतं, म्हणून मी कुंडी आत आणली आणि त्यांच्या पलंगाजवळच्या खिडकीत ठेवली. ते बघतच राहिले. चेहरा उजळला.

"हे सुमनचं फूल. फार जीव आहे तिचा यावर."

सुमन म्हणजे माझी आई.

"तुम्ही ओळखता तिला?" त्यांनी विचारलं.

"ओळखते ना."

"मग सांगा तिला, फूल आलंय म्हणून. स्वयंपाकघरात असेल."

मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.