झुंबरावरचा पाववाला

माझी पोस्टिंग कधी सरहद्दीवर झाली नाही. माझी पोस्टिंग एका सिनेमा थिएटरवर झाली होती. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी चौथी पास. लग्नानंतर आमच्या गावच्या होमगार्डच्या महिला पथकात भरती झाले. होमगार्ड म्हणजे काही खरं सैन्य नव्हे, असं लोक म्हणतात. म्हणोत. हुकमात आम्हाला 'होमगार्ड सैनिक' म्हणत. अंगावर खाकी साडी, कमरेला पट्टा, गळ्यात शिट्टी. पहाटे परेड, मग घरचं, मग ड्यूटी. गावात दारूगोळ्याचा कारखाना होता. त्यामुळे एकाहत्तरच्या लढाईच्या त्या डिसेंबरात आमच्याकडे ब्लॅकआउट असायचा आणि भोंगाही वाजायचा. प्लाटून कमांडरसाहेबांचा हुकूम साधा होता. "भोंगा वाजला की गर्दी पळते. बॉम्बनं मरतील त्याहून जास्त लोक दारात चेंगरून मरतील. दार सांभाळा."

दर रविवारी सकाळच्या खेळाला माझी आणि शेवंता कदमची ड्यूटी थिएटरवर लागायची. शेवंता आमची सेक्शन लीडर. बुटकी, काळी, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला पोरगी सरळ व्हायची. सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर असायचा, कारण तिकीट स्वस्त. त्या महिन्यात एकच पिक्चर चालू होता, आणि दर रविवारी थिएटर फुल्ल.

पिक्चर असा. एक पाववाला असतो. राजाचे लोक त्यालाच मोठा तलवारबाज समजून धरून नेतात. त्याला तलवार धरता येत नाही. तो लांबुडक्या पावानं लढतो. समोरचा सरदार त्या पावाचे सपासप तुकडे करतो, आणि हा घाबरत घाबरत विचारतो, "जाड कापू की पातळ?" निदान शेवंता तरी तसं सांगायची. इंग्रजी तिलाही येत नव्हतं, मलाही नाही. अजून येत नाही. त्या पिक्चरला ते कधी लागलंच नाही.

तो रविवार सांगते. पाववाला जिन्यावरून उडी मारतो, त्याचा एप्रन झुंबरात अडकतो, आणि तो वर लटकतो. खाली सरदाराची माणसं तलवारी उगारून उभी. तेवढ्यात भोंगा झाला. ऑपरेटरनं मशीन बंद केलं. आत मिट्ट काळोख. कोणीतरी ओरडलं, "बॉम्ब पडला!" खुर्च्या आपटल्या. लोक दाराकडे निघाले. मी दारात होते. अंगावर गर्दी आली तेव्हा माझे पाय जमिनीवरून सुटले, हे मला आठवतं.

पडद्याजवळून शेवंताचा आवाज आला. शिट्टी नाही, शिवी नाही.

"बसा रे खाली! तो पाववाला अजून झुंबरावर लटकलाय. त्याला तसाच टाकून जाणार का?"

एक क्षण सगळं थांबलं. मग मागून कोणीतरी हसलं. मग सगळं थिएटर हसलं. हसणाऱ्या माणसाला ढकलता येत नाही. लोक बसले. ऑल क्लिअरचा भोंगा होईपर्यंत शेवंतानं पुढचा पिक्चर अंधारात तोंडानं सांगितला, तलवारींच्या आवाजासकट. मशीन सुरू झालं तेव्हा लोक म्हणाले, बाईंनी सांगितला तो जास्त चांगला होता.

आता नेपरव्हिल. शिकागोच्या पश्चिमेला माझ्या मुलाचं, संजयचं घर आहे. मालक वारले तेव्हापासून मी इथंच असते. बर्फ पडलं की खिडकीत बसते, वितळलं की चालायला जाते. आमच्या भागातली मराठी म्हातारी माणसं महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतात. बहुतेक डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, आता रिटायर्ड. माझ्यासारखी चौथी पास एकच. मला त्याचं काही नाही, त्यांनाही नाही. बटाटेवडे माझेच चांगले होतात.

यंदा वसंतात आमची पाळी होती. नात रिया म्हणाली, "आजी, लेट्स वॉच समथिंग." मी तिला पाववाला, झुंबर आणि शेवटी कणकेत पडणारा सरदार एवढं सांगितलं. तिनं फोनवर शोधून पिक्चर काढला. नाव सांगितलं, माझ्या लक्षात राहिलं नाही. संजयनं बेसमेंटमध्ये भिंतीला पांढरी चादर लावली आणि प्रोजेक्टर मांडला.

शनिवारची दुपार होती. बाहेर आभाळ हिरवट झालं होतं. खाली तीसेक माणसं बसली. मला वाटलं होतं, एवढी शिकलेली माणसं, हा पोरखेळ त्यांना आवडणार नाही. पहिला पाव कापला गेला आणि दामले इतके हसले की त्यांच्या बशीतला वडा खाली पडला. दामले म्हणजे रिटायर्ड इंजिनिअर, ऐंशीला टेकलेले, हातात कायम गोल्फची लांब छत्री. त्यांची बायको कुंदा त्या दिवशी आली नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घरी एकटी होती.

हा पिक्चर इतकी वर्षं का टिकला, ते मला त्या दिवशी कळलं. त्यात तलवारी शेकड्यानं आहेत, मुडदा एकही नाही. आणि पाववाला आधी घाबरतो. त्याचे गुडघे लटपटतात, ते लपवत नाही. लटपटत्या गुडघ्यांनीच तो जिन्यावर उभा राहतो. परेडमध्ये आम्हाला छाती पुढे काढायला शिकवलं. गुडघ्यांबद्दल कोणी काही सांगितलं नाही. पिक्चरनं सांगितलं.

मग भोंगा झाला.

इथं दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी भोंगा वाजवून बघतात. त्यामुळे आपली माणसं भोंग्याला भीक घालत नाहीत.

"टेस्ट असेल," दामले म्हणाले.

"काका, टुडे इज सॅटरडे," रिया म्हणाली. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. रियानं वाचलं. "टोर्नेडो वॉर्निंग. वॉच नाही, वॉर्निंग. टेक शेल्टर नाऊ." वॉच म्हणजे वादळ येऊ शकतं, वॉर्निंग म्हणजे आलंच.

लाइट गेले. चादर काळी झाली.

बेसमेंटच सगळ्यात सुरक्षित, हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. माहीत असणं वेगळं. दामले उठले. "कुंदा घरी एकटी आहे. मी निघतो. पाच मिनिटांची ड्राइव्ह आहे." त्यांच्या मागून सासू-सासऱ्यांना घेऊन आलेल्या दोघी सुना उठल्या, त्यांची पोरं घरी होती. मग कोणीतरी म्हणालं, "माझी गाडी त्यांच्या मागे आहे, काढावी लागेल." झालं. खुर्च्या सरकल्या. वर जायला जिना एकच, अरुंद. वर उघडतो तो किचनमध्ये, पॅटिओच्या, म्हणजे मागच्या अंगणाच्या, काचेच्या दारासमोर.

तो खुर्च्यांचा आवाज मला ओळखीचा होता. मी काठी घेतली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिले.

"कोणी वर जाणार नाही."

"हौसाबाई, बाजूला व्हा. ही तुमची परेड नाही."

"परेड असती तर त्या पोटाला आधी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या."

"माझी बायको तिकडे एकटी आहे हो!" त्यांचा आवाज फाटला. चेष्टा नव्हती ती. त्यांनी छत्रीनं माझी काठी बाजूला सारली. मी काठीनं छत्री बाजूला सारली. त्यांनी पुन्हा सारली. मी एक पायरी वर चढले आणि वरून काठी आडवी धरली. छत्री काठीवर आपटली, खट्. पुन्हा, खट्. माझे गुडघे लटपटत होते. तो माणूस मला ढकलू शकला असता. त्यांनी ढकललं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

रियानं फोनचा टॉर्च लावला. आमच्या सावल्या समोरच्या चादरीवर पडल्या. भल्या मोठ्या. जिन्यावर दोन माणसं, हातात लांब शस्त्रं. कोणीतरी खुसकन हसलं.

"काका, जाड कापू की पातळ?" रियानं विचारलं.

दामल्यांनी वळून पाहिलं. चादरीवर स्वतःची सावली बघितली. त्या गडबडीत छत्रीचं बटण दाबलं गेलं आणि ती फाडकन उघडली. चादरीवर दामल्यांच्या जागी एक प्रचंड काळं अळंबं उगवलं.

सगळे हसले. मीही. त्या क्षणी मी शेवंताचा हुकूम दिला. पिक्चर अजून झुंबरापर्यंत आलाही नव्हता. पण हुकूम तो होता, म्हणून तोच दिला.

"बसा खाली! तो पाववाला झुंबरावर लटकणार आहे. त्याला तसाच टाकून जाणार का?"

माणसं बसली. भिंतीला पाठ लावून, डोक्यावर हात आणि उशा घेऊन. दामले माझ्या शेजारी बसले. कुंदाला फोन लावत होते, लागत नव्हता. मी पुढचा पिक्चर सांगायला सुरुवात केली. तलवारींचा आवाज काढायला रियाला चमचे दिले.

गोष्टीत झुंबर आलं आणि वादळाचा तो आवाज आला. लोक मालगाडीसारखा म्हणतात. मालगाडी रुळावरून जाते. हा डोक्यावरून गेला. कानाला दडे बसले. वर काच फुटली, मग काहीतरी जड आपटलं आणि घर हललं. कोणी ओरडलं नाही. मी सांगत राहिले. पाववाला सुटला, सरदार कणकेत पडला.

इथं ऑल क्लिअरचा भोंगा होत नाही. फोनवर यायची वाट बघायची. मला ही पद्धत पटत नाही. बऱ्याच वेळानं रिया म्हणाली, "वॉर्निंग एक्स्पायर्ड."

आधी संजय वर गेला, मग मी, मग दामले. पॅटिओचं दार नव्हतं. काचेचे लांब तुकडे जिन्याच्या वरच्या दाराच्या लाकडात रुतले होते. समोरचा मेपल ड्राइव्हवेवर आडवा पडला होता. त्याच्याखाली दामल्यांची गाडी. ड्रायव्हरच्या सीटच्या जागी खोड.

दामले बघत राहिले. मग त्यांचा फोन वाजला. कुंदाचा आवाज मलाही ऐकू आला.

"कुठे आहात? मी मघापासून बेसमेंटमध्ये बसलेय. या गुडघ्यानं मी जिना उतरले, आणि तुम्हाला एक फोन करता येत नाही?"

"लागत नव्हता गं."

"मग या आता घरी."

"गाडीवर झाड पडलंय."

"आणि तुम्ही?"

"मी हौसाबाईंकडून हरलोय." एवढं बोलून दामले किचनच्या जमिनीवर, काचा नव्हत्या तिथं, खाली बसले आणि लहान पोरासारखे हसले. डोळे पुसायला मी पदर दिला नाही. पेपर टॉवेल दिला.

तीस माणसं होती. खरचटलंही कोणाला नाही. संजय शेजाऱ्याच्या उंच पिकअपनं, लॉनवरून वाट काढत, कुंदाला घेऊन आला. बाकीच्यांच्या साध्या गाड्यांना मात्र रस्ते मोकळे होईपर्यंत निघता येणार नव्हतं. कुंदाच म्हणाली, "मला तो पिक्चर बघायचाय, ज्यानं माझा नवरा वाचवला." रियानं लॅपटॉप काढला. पिक्चर त्यात उतरवलेला होता, बॅटरीही होती. तीस डोकी एका छोट्या पडद्याला चिकटली. झुंबर आलं तेव्हा सगळे एका आवाजात ओरडले. माझी हुकमत तिथं संपली.

पिक्चर संपला. मी उठून उभी राहिले. आमच्या वेळी खेळ संपला की राष्ट्रगीत व्हायचं. पाय सावधानमध्ये आपोआप जुळले.

"हौसाबाई, कोणासाठी?" दामल्यांनी विचारलं.

मी सांगितलं. शेवंता कदम, सेक्शन लीडर, महिला होमगार्ड. त्या लढाईनंतर गावाला पूर आला. नदीकाठच्या गल्लीतली माणसं ती कमरेला दोर बांधून शाळेत आणत होती. सगळी आणली. एक म्हातारी राहिली म्हणून परत गेली. म्हातारीला तिनं दोर बांधला. दोर ओढला तर म्हातारी आली. शेवंता आली नाही. कमांडरसाहेबांनी काठावर सॅल्यूट केला. तिच्या नावाचा दगड कुठं नाही. तिनं त्या थिएटरात किती जीव वाचवले, ते कोणी मोजलं नाही.

दामले उठले. छत्री खाली टोकावर टेकवून सरळ उभे राहिले. कुंदा त्यांच्या खांद्याला धरून उठली. मग सगळे उठले, रियासुद्धा, काही न विचारता.

विश्राम म्हणायचं काम माझं होतं. मी जरा उशिरा म्हटलं.