अण्णांची चौथी पूजा

देवावरचा माझा विश्वास डळमळला तो देवघरातच. माझ्या वडिलांना, अण्णांना, स्मृतिभ्रंश आहे. आगाशीची वाडी सोडून आम्ही विरारच्या फ्लॅटमध्ये आलो, हळूहळू अण्णांचं बरंच काही सुटलं, पूजा मात्र सुटली नाही. उलट वाढली. पूजा आटोपून उठायचे, झाली हे विसरायचे आणि पुन्हा बसायचे. दुपारपर्यंत बाळकृष्णाच्या चार अंघोळी व्हायच्या. "अण्णा, झाली की पूजा," म्हटलं की दुखावून विचारायचे, "म्हणजे मी खोटं बोलतो?" शेवटी एका सकाळी पहिल्या पूजेनंतर मी ताम्हनच लपवलं आणि देवाला म्हणालो, आता तूच बघ.

त्यानं बघितलं. मी कामात असताना अण्णा बाळकृष्णाला मुठीत घेऊन सोवळ्यातच घराबाहेर पडले. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं सांगितलं, ते आगाशीच्या बसमध्ये चढले. मी स्कूटर काढली. नवस बोलावा तर देवही अण्णांबरोबर गेलेला.

आगाशीच्या बसथांब्यावर दोघं दिसले. अण्णा आणि गळ्यात क्रूस असलेले एक वयस्कर गृहस्थ, समोरासमोर मांडी घालून. गृहस्थांच्या डब्याच्या झाकणात बाळकृष्ण, त्यांच्याच बाटलीतल्या पाण्यानं अभिषेक चाललेला. त्यांनी ओंजळ पुढे करून तीर्थ घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "तिसऱ्यांदा. नंदाखालला जाणाऱ्या माझ्या दोन बस सोडल्या. पूजेतून मध्येच कसा उठू?" मी ओशाळून माफी मागू लागलो. ते म्हणाले, "माझी आई रोझरीची जपमाळ संपवून लगेच पुन्हा सुरू करायची. आधी आम्ही अडवायचो. मग सोबत बसायला लागलो. तिचा राग गेला, आमचाही." तेवढ्यात बस आली. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

ताम्हन जागेवर आलं. अण्णांना विचारून त्यांच्या तुळशीमाळेत माझ्या फोन नंबरचा बिल्ला ओवला. आता मीही शेजारी बसतो. परवा तीर्थ देताना त्यांनी मला निरखून पाहिलं. "आपण कोण?" नाव अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, "पूजेच्या मदतीला असतो."

"बरं झालं. उद्याही या. आमच्या मुलाला वेळ नसतो."

"येतो," म्हणालो. ज्यानं घर सोडून मला शहाणं केलं त्या बाळकृष्णाला हात जोडले, आणि पुढच्या पूजेची फुलं निवडायला बसलो.