साऱ्या वाडीचा नंबर

चाचीच्या पोटात काही राहायचं नाही, आणि तरीही आमच्या वाडीतल्या निम्म्या बायकांची गुपितं तिच्याच फोनवर यायची. रेशनकार्ड असो, गॅसची टाकी असो की बँकेचं खातं, फॉर्मवर मोबाइल नंबर चाचीचा. "ह्यो आकडा कुणाला सांगू नका, आसं लिवून येतंय म्हणं," ती हसायची, "आन मी तर वाडीभर सांगत फिरतीया."

चाची बांगड्या भरायची. आटपाडीहून माल आणायचा, डोक्यावर पेटी घ्यायची आणि वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या, हा तिचा धंदा. आमच्याकडे घरटी एक फोन, तोही पुरुषाच्या खिशात, आणि पुरुष कुणी कारखान्यावर, कुणी मिलिटरीत. फॉर्म भरायला मात्र बाईनं स्वतः जायचं. तिथं नंबर विचारला की बाईची पंचाईत. पहिल्यांदा सुमनकाकूंनी चाचीचा नंबर ठोकून दिला, मग सगळ्यांनीच. चाचीला हे कळलं ते फोन सारखा वाजायला लागल्यावर. पण ती रागावली नाही. "मनगाट माज्या हातात देतासा, मग नंबराचं काय एवढं?" म्हणाली.

तिला वाचता येत नव्हतं. आकडे मात्र पक्के, कारण बांगड्यांच्या डब्यावर मापं आकड्यांतच असतात. त्यामुळे फॉर्म भरणाऱ्या पोराच्या फोनवरून विचारलं की ओटीपीसुद्धा ती मापासारखा जोडीजोडीनं सांगायची. "दोन-सहा. दोन-आठ. दोन-दोन." वर शेराही मारायची, "दोन-दोन म्हंजे लय बारीक मनगाट हाय बग ह्येचं." तालुक्याला फॉर्म भरायला बसलेली बाई तिकडे घामाघूम, कारण दहा मिनिटांत आकडा शिळा व्हायचा.

मेसेज कुणाचा हे कळत नसल्यामुळे तिनं पाळ्या लावल्या होत्या. "एका दिवशी एकीनंच फारमाला बसायचं. दोगींच्या बांगड्या मी एका टायमाला भरती का?" फोन कुणाला नेऊ देणं जमायचं नाही, कारण गिऱ्हाइकंही त्यावरच बोलवायची; पण कुणाची पाळी असली की त्या दिवशी चाची रेंज नसलेल्या वस्तीकडे पाऊल टाकत नसे.

माझ्या नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आला, नेमका त्याच दिवशी ओढ्यापल्याडच्या वस्तीवर लग्नाचा चुडा भरायचा होता. अख्ख्या वऱ्हाडाचे हात, म्हणजे चाचीची मोठी कमाई, आणि तिथं रेंजचं नाव नाही. माझा फॉर्म चुकला असता तर वडील वर्षभर थांबणार नव्हते, घरात स्थळं बघणं सुरूच होतं. चाचीला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही. सकाळी एसटीला गेले तर ती स्टँडवरच्या कडुनिंबाखाली पेटीवर बसलेली, फोन मांडीवर. "जा तू," ती म्हणाली. "चुडा दुसरी भरंल. तुजा आकडा दुसरीकडं येत न्हाई." आटपाडीत सर्व्हर बंद होता, दिवस कलताना चालू झाला. मी आज सांगलीच्या दवाखान्यात नर्स आहे ती केवळ चाची संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही म्हणून.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक तिला फलटणला घेऊन गेली. निघताना तिनं बांगड्यांच्या रिकाम्या डब्यात फोन घालून माझ्या हातात ठेवला. "मी जाती, पर नंबर आपल्यातच ऱ्हाऊ दे. तुज्या दवाखान्यात रेंज हाय. न्हाईतर बायका कुठं हुडकतील?" तुला नवा फोन घेऊन देते म्हटलं, तर म्हणाली, "मला कोण बोलवतंय आता? लेकीचा हाय की." मला रडू आलं, तिला नाही.

तेव्हापासून पाळ्या मी लावते. आता बऱ्याच जणींकडे स्वतःचे फोन आलेत, पण दहा-बारा जणी अजून चाचीच्याच नंबरावर आहेत.

परवा ड्यूटीवर होते, तेव्हा लेकीच्या फोनवरून चाचीचा आवाज आला. फलटणला रेशनकार्डावर नाव चढवायला बसली होती, आणि तिच्याही कागदावर नंबर तोच होता. आता फोन नसलेल्या बायकांत तीही आलीच की. "आज पाळी कुणाची हाय गं?" तिनं हळूच विचारलं.

त्या दिवशी पाळी सुमनकाकूंची होती. त्यांची समजूत मी नंतर काढली.

"तुझीच," मी म्हटलं.

मेसेज आला. मी जोडीजोडीनं वाचत गेले, आणि पलीकडे चाची मोठ्यानं म्हणत गेली. चार-आठ. सहा-चार. दोन-सहा.

"दोन-सहा," ती पुन्हा म्हणाली. "माजंच माप आलं बग."