हळदीचा कागद

वडनेरला माझ्या खोलीशेजारी राहणाऱ्या वहिनी बाहेरून मॅट्रिकला बसणार होत्या. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि नवरा वारल्यावर नर्स व्हायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून संध्याकाळी त्यांचा अभ्यास घ्यायला जायची.

आयतं उत्तर त्यांना खपत नसे. "बाई, सांगू नका. मले पाहू द्या," म्हणत त्या उठायच्याच. मीठ पाण्यात विरघळतं, हेही त्यांनी वाटीत ढवळून पाहिलं आणि मगच लिहिलं. मला वैताग यायचा. अशानं पुस्तक संपणार कधी?

त्या दिवशी आम्ल आणि अल्कलीचे प्रश्न होते. लिटमस नसेल तर हळदीचा कागद चालेल, असं पुस्तकातच होतं. वहिनींनी हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवला होता. शेजारी सासूबाई सुपारी कातरत होत्या. त्यांच्या पानाच्या डब्यातला चुना वहिनींनी बोटानं कागदावर चोळला. कागद लाल झाला, बोटही.

सासूबाईंचा अडकित्ता थांबला. "हे त कुंकू झालं वं," त्या हळूच म्हणाल्या.

नवरा गेल्यापासून वहिनींनी कुंकवाला हात लावला नव्हता. त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुढचा प्रश्न वाचला: यावर लिंबू पिळल्यास काय होईल? कापलेलं लिंबू समोरच होतं.

'रंग पुन्हा पिवळा होतो,' एवढं लिहून त्यांनी वही मिटली.

"करून नाही पाहायचं?" मी विचारलं.

"नाई बाई," बोट मुठीत घेत त्या म्हणाल्या, "एवढं पुस्तकाचं आयकते."