बांगडीतली पिन आणि गोळ्यांचा डबा

शैला, इकडे ये, जवळ बस. देवासला बसली असलीस तरी जवळच बसलीयेस असं समजून लिहिते. परवा फोनवर किती आरामात बोललीस, "ताई, रोज संध्याकाळी अंग कोमट लागतं, मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्यात, होईल बरं." अगं, लहानपणी सांधेतापाने आपण दोघी एकाच खाटेवर पडलो होतो. तेव्हापासून माझ्याही हृदयाची झडप गळते, तुझीही. आणि माझं एवढं रामायण होऊनसुद्धा तू खुशाल गोळ्या गिळतेस? कमाल आहे तुझी. आता पूर्ण ऐक.

तुकोगंजच्या दवाखान्यात माझा इको चालला होता. इको म्हणजे छातीवर गार जेल लावून पडद्यावर हृदय बघतात. डॉक्टर बोलता बोलता पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "काकीजी, व्हॉल्व्ह पर कुछ हिल रहा है." मलाही दिसलं. खिडकीच्या गजाला अडकलेली चिंधी वाऱ्यावर हलते ना, तसं. त्याला व्हेजिटेशन म्हणतात. भाजीपाल्याशी संबंध नाही. जंतू आणि गोठलेलं रक्त यांचा तो गोळा. आजाराचं नाव इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस, म्हणजे झडपेवर जंतूंनी घर करणं. तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा, म्हणाले. त्यापुढचं मी ऐकलंच नाही.

लक्षणं काय मोठी नव्हती गं. पाच आठवडे संध्याकाळचा बारीक ताप. घामाने उशी ओली. जेवण नकोसं, ब्लाउज ढिले. जिना चढले की धाप. नखांखाली काळपट रेघा उठल्या, काटा मोडल्यासारख्या. मला वाटलं, गराडूचा कंद सोलताना काहीतरी घुसलं. आणि बोटांची टोकं दुखायची, लाल होऊन. हे सगळं झडपेवरूनच येत होतं, हे कुणाला माहीत.

ॲडमिट केलं. तीनदा, थोड्या थोड्या वेळाने, वेगवेगळ्या जागेतून रक्त काढलं. याला ब्लड कल्चर म्हणतात. रक्त बाटलीत घालून उबेत ठेवायचं आणि जंतू उगवायची वाट बघायची, मोड आणतो तसं. कोणता जंतू ते कळलं की औषध नेमकं देता येतं. कातडीवरचा स्टॅफिलोकोकस असला तर तो चार दिवसांत झडप फाडतो. आतड्यातला एन्टेरोकोकस चिवट, त्याला दोन दोन औषधं लागतात. माझी तब्येत स्थिर होती, म्हणून डॉक्टरांनी औषध थोडं रोखून धरलं.

रक्त काढण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "पहले कोई एंटीबायोटिक ली?" मी मान हलवली, नाही.

घेतल्या होत्या, शैला. तुला माझा डबा माहीत आहे. घरात कुणाच्या गोळ्या उरल्या की त्यात. जुनी इंदूर भागातली आमची अख्खी गल्ली मला डॉक्टरीणबाई म्हणते, त्याच डब्याच्या जोरावर. यांच्या उरलेल्या पट्टीतल्या मी दोन दिवस घ्यायची, ताप उतरला की बंद. परत आला की परत दोन. केतकीने, माझ्या सुनेने, एकदा टोकलं होतं तर मी तिला सुनावलं, "तुझ्या जन्माआधीपासून औषधं देतेय मी." आता तीच उशाशी उभी. तिच्यासमोर कसं बोलू?

तिसऱ्या दिवशीही बाटल्या गप्प. डॉक्टर म्हणाले, "जंतू नहीं मिला तो अंदाज़े से इलाज करना पड़ेगा. लीक बढ़ा तो ऑपरेशन." छाती उघडून झडप बदलायची. दुपारी केतकी माझे पाय चेपत होती. मी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "घेतल्या होत्या मी. डब्यातल्या."

मला वाटलं, आता ऐकवेल. ती म्हणाली, "आई, डबा अलमारीत वर आहे का खाली?" रिक्षा करून गेली, डबा घेऊन आली. डॉक्टरांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "इसीलिए नहीं उगा. आधे-अधूरे मारे हुए हैं." जंतू मेले नव्हते, पण बाटलीत उगवण्याइतके धडही नव्हते. दोन दिवस औषधाविना ठेवून, रोज छाती तपासून, पुन्हा रक्त घेतलं. ते दोन दिवस मी देवापेक्षा बाटल्यांचं नाव जास्त घेतलं.

उगवला. स्ट्रेप्टोकोकस, व्हिरिडन्स जातीचा. हा आपल्या तोंडातच राहतो, हिरड्यांत. दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "दात कशाने कोरता?" मी काही बोलायच्या आत केतकीने माझ्या बांगडीला बोट लावलं. तिथे सेफ्टीपिन लटकत होती. जेवल्यावर, शेव खाल्ल्यावर मी तिनेच दात कोरायची, आपली आई कोरायची तशी. हिरडीतून रक्त आलं की तिथूनच जंतू आत, आणि खरखरीत झडपेवर त्यांना बसायला जागा तयार.

चार आठवडे शिरेतून औषध चाललं. झडप वाचली. थोडी गळते, पण माझीच आहे. आता दात काढायचा असला तरी आधी हृदयाचं सांगायचं. डबा केतकीने घेतलाय, त्यात बटणं ठेवते. गल्लीत कुणी गोळी मागायला आलं की मीच म्हणते, "तिला विचार."

आता तुझं. तुझ्याही बांगडीत पिन आहे, मला माहीत आहे. डॉक्टरांना विचारलंय मी, तुला तपासायला बोलावलंय. हे वाचलंस की पहिल्याच बसने ये. मध्येच ताप चढला, धाप लागली, तर बसची वाट बघू नकोस, तिथल्याच दवाखान्यात जा. गोळ्यांची पट्टी पर्समध्ये घालून आण, लपवू नकोस. केतकी काही बोलत नाही. आधी रक्त देऊ, मग पोहे खाऊ. ये गं लवकर.