एकवीरेच्या दारातलं भांडण

अलिबागहून सकाळची पुण्याची गाडी उशिरा सुटली. मी स्वतः एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी अजून का लागली नाही, हे खिडकीतून लोकांना सांगण्यातच माझी नोकरी सरली, तेव्हा उशीर मला नवा नाही. तरी त्या दिवशी मी नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन असा ओरडलो, की शैलाने, माझ्या बायकोने, दंडाला धरून मला गाडीत आणून बसवलं.

"त्या बिचाऱ्यावर कशाला राग काढता?" ती म्हणाली.

मग कुणावर काढायचा?

आमचा मुलगा निखिल तेलवाहू जहाजावर इंजिनीअर. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ चाचे जहाजावर चढले आणि त्याला आणि आणखी काही जणांना होडीत घालून घेऊन गेले. दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्यानंतर त्याचा आवाज आमच्या कानावर पडला नव्हता. कंपनीचा माणूस फोनवर एकच सांगायचा, "बोलणी सुरू आहेत." घरी भेटायला येणारेही एकच सांगायचे, "देवावर सोडा." चहा पिऊन, बिस्किटं खाऊन, दारात चपला घालता घालता सांगायचे. त्यांचं काय जात होतं? आपलं पोर घरात झोपलेलं असलं की देवावर काहीही सोडता येतं.

शैलाच्या माहेरची कुलदेवी कार्ल्याची एकवीरा. तिने जायचं ठरवलं. "नवस बोलणार आहेस?" मी विचारलं. "नाही. नुसतं सांगून यायचंय," ती म्हणाली. तिला एकटीला कसं पाठवणार, म्हणून मी निघालो. देवीसाठी नाही.

खोपोली सोडून गाडी बोरघाट चढू लागली. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला कोवळ्या उन्हात खोल दरी. एरवी मी खिडकीला नाक लावून बसलो असतो. त्या दिवशी माझे डोळे फोनवर होते. वळणागणिक रेंज जायची. नेमका आत्ता फोन आला तर? शैला म्हणाली, "द्या तो माझ्याकडे, जरा बाहेर बघा." मी तिच्यावरही खेकसलो.

लोणावळ्यात उतरलो तर जत्राच. चिक्कीच्या दुकानांपुढे मोटारींची रांग, भाजलेल्या मक्याचा धूर, चढे आवाज. एका नव्या जोडप्यातली मुलगी हसत पुढे आली. "काका, आमचा एक फोटो काढाल?" मी "नाही" म्हणालो, आणि असं म्हणालो की तिचं हसू तिथेच विरलं. जगात सगळं ठीक चाललंय, हेच मला सहन होत नव्हतं.

रिक्षाने मळवलीला आलो. भाच्याच्या ओळखीचा एक बंगला होता, तिथे दोन दिवस राहायचं होतं. बंगला सांभाळणाऱ्या मंदाबाई फाटकाशीच भेटल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, पदर खोचलेला. त्यांचे यजमान तळेगावकडे कारखान्यात पाळीवर जात, आणि बंगल्यामागे त्यांची थोडी भातखाचरं (बांध घातलेली भातशेतं) होती. दुपारी त्यांनी आपल्या घरी जेवायला बसवलं. इंद्रायणीचा मऊ, वासाचा भात, हुलग्याचं कढण (दाट सार) आणि मिरचीचा ठेचा. कितीतरी दिवसांनी शैलाने दुसऱ्यांदा भात घेतला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती.

"कार्ल्याला चाललाय व्हय?" मंदाबाईंनी विचारलं. शैलाने त्यांना सगळं सांगितलं. मी मान खाली घालून वाट बघत होतो, आता येणार ते वाक्य. ते आलं नाही.

"आमच्यात नवस-सायास न्हाईत, ताई," त्या एवढंच म्हणाल्या. "पर पोराचं नाव सांगून ठेवा. रोज वंदनेला बसते, तवा आठवण काढीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ल्याला गेलो. डोंगराच्या पायथ्यापासूनच ओटीची ताटं, हिरवे चुडे, पेढे. पायऱ्या चढताना माझा श्वास फुलत होता. वर लेण्याच्या तोंडाशीच देवीचं देऊळ. रांगेत आमच्या मागे एक कोळीण होती, डोक्यात अबोलीचा गजरा, हातात नारळ. आमचा नंबर आला. शैलाने ओटी ठेवली, पदर पसरला आणि म्हणाली, "तुझ्या स्वाधीन केला गं, आई."

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"स्वाधीन?" मी ओरडलो. "तो आधीच कुणाच्या तरी स्वाधीन आहे! बंदुका घेऊन चढले ते, तेव्हा ही कुठे होती? समुद्रावरच्या माणसांची देवी ना ही? विचार तिला! मला उत्तर पाहिजे!"

पुजाऱ्याने "पुढे चला" म्हणून हात केला. मी हललो नाही. मागची कोळीण तेवढी बोलली, "बोल रं दादा, बोल. आयस (आई) हाय ती, आयकून घेल."

उत्तर आलं नाही. देवीच्या चांदीच्या डोळ्यांकडे मी टक लावून पाहत राहिलो. हात जोडले नाहीत. शैलाने माझी बाही धरली तसा बाहेर आलो. पायऱ्या उतरून खाली आल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं, मला राग येत नाही? मी त्याला सोडून दिलेलं नाही. मला धरून ठेवता येत नाहीये, एवढंच. हात दुखले हो माझे." आणि ती रिक्षात बसून हमसून हमसून रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मळवलीत पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. कार्तिकात. विसापूरचा डोंगर अर्धा ढगात गेला होता आणि मागच्या खाचरात मंदाबाई एकट्या धावत होत्या. कापलेलं भात वाळत पडलं होतं. यजमान कामावर. मी चपला काढल्या आणि खाचरात उतरलो. शैला पण.

"भाऊ, तुमी नका, कापील हात!" त्या ओरडल्या.

मी ऐकलं नाही. भारे बांधायचे, डोक्यावर घ्यायचे, पडवीत नेऊन टाकायचे. भाताची कुसं अंगाला खाजत होती, मान मोडून आली होती. मी तोंडाने शिव्या देत होतो, आभाळाला, चाच्यांना, कंपनीला, देवीला, आणि भारे वाहत होतो. थोडंफार आत आलं आणि पाऊस कोसळला. उरलेलं आमच्या डोळ्यांदेखत भिजलं.

मंदाबाई पडवीत उभ्या राहून बघत होत्या. "झालं," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "मेल्याला आजच यायचं व्हतं!" आणि पदराने तोंड पुसून आत गेल्या, चहा ठेवायला.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"उन्हं पडली की पसरायचं. काळं पडंल, कोंबडीला हुईल. आभाळ काय आमच्या हातात हाय, भाऊ? हात हैत तेवढं केलं."

तेव्हा लक्षात आलं, माझा फोन शैलाच्या पिशवीत होता. केव्हा दिला, आठवेना. मी झडप घालून बाहेर काढला. एक फोन येऊन गेलेला. बोटं चिखलाने माखलेली, नंबर लागेना. शेवटी लागला. पलीकडून एक मंजुळ आवाज विचारत होता, क्रेडिट कार्ड हवं आहे का. मी तिला काय बोललो ते इथे लिहीत नाही. शैला मात्र आधी बघत राहिली आणि मग हसायला लागली, मंदाबाई हसायला लागल्या, आणि मग मीही. त्या रात्री मी सलग झोपलो. फोन उशाशी नव्हता.

परतीच्या गाडीत मी शैलाला म्हणालो, "माझा देवीवर विश्वास नाही बसत." ती म्हणाली, "नको बसू दे. माझ्या शेजारी बसा." घाट उतरताना मी बाहेर पाहिलं. दरी सबंध धुक्याने भरली होती.

कंपनीची बोलणी एकदाची मिटली आणि निखिल पौषात परत आला. हाडं वर आलेली, नजर जमिनीला. लोक पेढे घेऊन आले. "बघा, देवाने ऐकलं," म्हणाले. मी एकाला घराबाहेर काढलं. कारण निखिलबरोबर नेलेल्यांपैकी दापोलीकडचा एक मुलगा तिथेच तापाने गेला होता. त्याचे वडील आमच्याकडे आले, निखिलसमोर बसले आणि म्हणाले, "शेवटी काय बोलला ते सांग." निखिलने सांगितलं. त्यांनी निखिलच्या गालावरून हात फिरवला. जाताना मला म्हणाले, "तुमचा आला, बरं झालं." त्यांच्या घरातही देव्हारा असेल. त्यांच्या बायकोनेही पदर पसरला असेल. त्यांचं का ऐकलं नाही?

हे मी आता रोज विचारतो. पूर्वी मी देव्हाऱ्याकडे पाठ करून पेपर वाचायचो. आता सकाळी अंघोळ करून तिथे पाट घेऊन बसतो, हात न जोडता, आणि मोठ्याने भांडतो. दापोलीच्या त्या मुलाचं नाव घेऊन भांडतो. उत्तर येत नाही, आणि मी उठूनही जात नाही. शैला शेजारी बसून वाती वळत असते. माझं बोलणं संपेपर्यंत ती दिवा लावत नाही.